सहा तासांचं लग्न आणि पाश्कचे डबे

अल्बानियातल्या श्कोदरमध्ये सूर्य देवाच्या मर्जीने उगवतो आणि वीज कंपनीच्या मर्जीने येते. देव वक्तशीर आहे, त्यामुळे त्याचे आभार मानायला रविवारी अर्धं चर्च रिकामं असतं. कंपनी वक्तशीर नाही, त्यामुळे दिवे आले की अख्खी गल्ली खिडक्यांतून "आली, आली!" करून ओरडते, जशी काही मुलगीच माहेरपणाला आली. अशा गावात पाश्कने धंदा कुठला निवडावा? कॉम्प्युटरवर लग्नाच्या फिल्म बनवण्याचा. वाळवंटात होड्या बांधल्या असत्या तरी याहून बरं चाललं असतं, असं त्याची बायको द्रांदे म्हणते. ती काही उगाच बोलणारी बाई नव्हे. रोज संध्याकाळी जपमाळ ओढते, मगच बोलते.

पाश्क अंगाने आडवा, आवाजाने उभा. वऱ्हाड नवरी आणायला निघालं की सगळ्यात पुढच्या गाडीच्या छतातून कमरेपर्यंत बाहेर आलेला, तोंड मागे करून कॅमेरा धरलेला माणूस दिसतो, तो पाश्क. वऱ्हाड ज्या रस्त्याने जातं त्या रस्त्याने परतत नाही, म्हणून परतीची वेगळी वाट त्यालाच माहीत असावी लागते. शिवाय उलटं तोंड करून गावभर फिरायचं आणि झाडाची फांदी डोक्यात बसली तरी कॅमेरा हलू द्यायचा नाही. हे काम त्याला खरोखर येतं, त्यात शंका नाही. पण पाश्कला विचाराल तर हे हमालीचं काम. कला पुढे असते, घरी, कॉम्प्युटरवर.

ती कला अशी. नवरीच्या चेहऱ्याभोवती गुलाब उमलतात. नवऱ्याच्या छातीतून लाल हृदयं निघतात आणि भिंतीवरून उडत जातात. आई रडली की तिच्या डोक्यावरून दोन पांढरी कबुतरं जातात. बाप रडला तर तो तुकडाच काढून टाकायचा, कारण पुरुषाचं रडणं चारचौघांत दाखवणं बरं दिसत नाही. बाकी मात्र काही कापायचं नाही. एकदा पाश्कने कुणाच्या तरी मामाचा एक नाच कापला होता. मामा अख्खा हिवाळा बहिणीच्या घराची पायरी चढला नाही आणि पाश्कला बाजारात पाहिलं की तो रस्ता ओलांडून जाई. तेव्हापासून नियम पडला: आला तो दिसला पाहिजे, नाचला तो पुरा नाचला पाहिजे. त्यामुळे पाश्कची फिल्म सहा तासांची होते. लग्न त्यापेक्षा लवकर आटोपतं, असं लोक म्हणतात. पण लोकांना कलेतलं काय कळतं!

गुलाब आणि कबुतरं लावून झाली की फिल्म "शिजायला टाकायची". म्हणजे बटण दाबायचं आणि कॉम्प्युटरला एकट्याला सोडायचं. तो एक रात्र आणि एक दिवस घूं घूं करत सगळं एकजीव करतो. मधे डोळा लवेपर्यंत जरी वीज गेली, तरी भात करपला. पुन्हा पहिल्यापासून. आणि या गावात वीज सलग एक रात्र आणि एक दिवस राहिल्याचं कुणाला आठवत असेल, तर ते म्हातारं माणूस असणार आणि त्याची आठवण तपासून घ्यायला हवी.

म्हणून पाश्क डबे आणायला लागला.

पहिला डबा त्याने अस्त्रितच्या दुकानातून आणला. अस्त्रित बाजारपेठेत कॉम्प्युटरचं सामान विकतो आणि गिऱ्हाइकाला खरं सांगतो, त्यामुळे गिऱ्हाइकं त्याच्यावर चिडलेली असतात.

"हा यूपीएस," अस्त्रित म्हणाला. "वीज असते तोवर झोपलेला असतो. वीज गेली की जागा होतो आणि आपल्या बॅटरीवर कॉम्प्युटर धरून ठेवतो."

"किती वेळ धरतो?"

"तुला कॉम्प्युटर नीट बंद करता येईल एवढा."

"अरे, बंद करायला मला डबा कशाला? बंद तर कंपनी फुकटात करून देते!"

"तेच तर. कंपनी लाथ मारून बंद करते, हा अंगाई गाऊन बंद करतो."

पाश्कला हे पटलं नाही, पण डबा आणला. तो वीज गेली की टीं टीं करून ओरडायचा. द्रांदेने त्याचं नाव टिटवी ठेवलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्याकडे वीज नुसती जात नाही, ती आजारीही पडते. दिवा जळतो, पण केशर घातल्यासारखा पिवळा, फ्रीज कण्हतो. टिटवीला तेवढी अक्कल नव्हती. वीज अशक्त झाली की तिला वाटे गेलीच, की लागली ओरडायला आणि आपली बॅटरी जाळायला. मग खरोखर वीज गेली की टिटवी आधीच गतप्राण.

दुसरा डबा आला तो अशक्त विजेला टॉनिक पाजणारा. वीज मंद झाली तर तो आपल्या आपण वर ओढायचा आणि बॅटरी शिल्लक ठेवायचा. द्रांदेने त्याला डॉक्टर म्हटलं. डॉक्टर बरा होता, पण डॉक्टरलाही शेवटी पेशंट जिवंत लागतो. वीज दोन-दोन तास गेली की डॉक्टर पंधरा मिनिटांत हात वर करायचा.

तिसऱ्या खेपेला इन्व्हर्टर आणि त्याला जोडायला ट्रकची जुनी बॅटरी. नाकापेक्षा मोती जड. ती ठेवायला द्रांदेच्या फडताळातल्या लोणच्याच्या आणि अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या हलवाव्या लागल्या. बॅटरीतलं तेजाब गळून तिच्या चर्चच्या मिस्सेला जायच्या काळ्या स्कर्टला भोक पडलं ते पडलंच. शिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टर जागा व्हायला जरा आळस द्यायचा. दिव्याला तो आळस कळत नाही, टीव्हीलाही नाही; कॉम्प्युटरला मात्र तेवढ्यात मरण येतं. म्हणजे इन्व्हर्टरने अख्खं घर उजळलं आणि ज्याच्यासाठी आणला त्यालाच मारलं.

चौथा जनरेटर. तो गच्चीवर ठेवला. चालू झाला की चर्चची घंटा ऐकू येईना आणि खालच्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धुणं काळं होई. गंमत म्हणजे त्याची वीज इतकी डुगडुगणारी, की डॉक्टर ती तोंडातच घेईना. जनरेटर धडधडतोय आणि डॉक्टर म्हणतोय, छे, ही वीज नव्हेच! दोघांच्या भांडणात बॅटरी संपली. शेवटी खालच्या मजल्यावरची बाई काळ्या चादरी घेऊन वर आली. चादरी तिने द्रांदेच्या हातात दिल्या आणि जनरेटर पाश्कने त्याच आठवड्यात विकला.

आणि मग आला बिशप.

बिशप म्हणजे एका बंद पडलेल्या बँकेतून निवृत्त झालेला यूपीएस. गुडघ्याएवढा उंच, राखाडी, दोघांनी उचलावा असा. अस्त्रित म्हणाला, "हा झोपत नाहीच. वीज असो नसो, कॉम्प्युटरला हा नेहमी आपल्याच पोटातून वीज देतो. बाहेरून येते ती फक्त याचं पोट भरायला. त्यामुळे वीज गेली तरी कॉम्प्युटरला कळतसुद्धा नाही. इस्पितळात, बँकेत असलेच असतात."

"मग अख्खं घर ओढेल!"

"पाश्क, कान इकडे कर. कॉम्प्युटर ओढेल. नुसता कॉम्प्युटर. बॅटऱ्या म्हाताऱ्या आहेत. यावर इस्त्री लावलीस, शेगडी लावलीस, तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"मी काय खुळा आहे?"

अस्त्रित पावती लिहायला लागला. त्याला गिऱ्हाईक टिकवायचं होतं.

बिशपला पाश्कने बैठकीच्या खोलीत, पवित्र मातेच्या चित्राखाली बसवलं. चित्रापुढचा विजेचा छोटा दिवा द्रांदे बिशपच्या पाठीतल्या भोकात लावायला गेली, तर पाश्क ओरडला, "तिथे कॉम्प्युटरशिवाय काहीही लावायचं नाही! मोबाइलसुद्धा नाही! माझा स्वतःचा स्क्रीनसुद्धा मी बंद ठेवतो." द्रांदेने मुकाट्याने मेणबत्ती लावली. पवित्र माता दोन हजार वर्षं तशीच निभावतेय, तिची काही तक्रार नव्हती.

अशी बिशपच्या कृपेने दोन-तीन लग्नं नीट शिजली. पाश्कची मान ताठ झाली. नेमकं त्याच उन्हाळ्यात प्रेनाच्या मुलाचं लग्न आलं.

प्रेना पलीकडच्या वस्तीतली विधवा, साठीची, आवाजाने लोखंड कापणारी. तिचा फ्रान इटलीत फरशा बसवतो. तो आला, वऱ्हाड निघालं, पाश्क छतातून बाहेर आला, सगळं रीतीने झालं. आता पुढल्या रविवारी मुलीकडचे पहिल्यांदा जावयाच्या घरी जेवायला येणार होते, आणि सोमवारी फ्रान आणि नवरी बोटीने इटलीला जाणार होते. प्रेनाने पाश्कचा हात धरला.

"रविवारी व्याह्यांना फिल्म दाखवायची आहे. होईल ना रे? नाही तर तसं सांग, मी एदीला बोलावते."

एदी म्हणजे नवा कॅमेरावाला, तरणाबांड, केसांना तेल लावणारा. पाश्कने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, शब्द."

आमच्याकडे शब्द म्हणजे काय ते सांगायला नको. घर गहाण पडलं तर सुटतं, गेलेला शब्द सुटत नाही. प्रेनाला पाच भाऊ आणि त्या पाच भावांना लग्नाळू मुलगे. रविवारी फिल्म लागली नाही, तर हे सगळे मुलगे एदीच्या कॅमेऱ्यासमोर नाचणार, आणि पाश्कने शब्द मोडला हे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फुकट मिळणार, हे पाश्कला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी त्याने फिल्म शिजायला टाकली. वीज जात होती, येत होती. बिशप गंभीरपणे घूं करत होता, कॉम्प्युटरला पत्ता नव्हता. शनिवारी दुपारच्या जेवणानंतर थोडंच उरलं होतं. पुन्हा वीज गेली. पाश्क बिशपसमोर स्टूल टाकून बसला. सगळं आलबेल. आणि दार वाजलं.

दारात प्रेना.

"बसत नाही हं, उभ्या उभ्या आलेय," असं म्हणून ती सोफ्याच्या बरोबर मध्यावर बसली. "झाली का?"

"शिजतेय मावशी. संध्याकाळपर्यंत होतेच."

"मी मुलीच्या आईला सांगून बसलेय. म्हटलं, आमचा पाश्क आहे, काळजी नको." पदराने वारा घ्यावा तशी तिने हातातल्या रुमालाने हवा घेतली. "काय उकडतंय. नाही गं द्रांदे, कॉफीबिफी काही नको. आत्ताच घेऊन निघाले."

आता पाहुणा कॉफी नको म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा घ्यायची. आणि पाहुणा कॉफी न घेता उठला, तर त्या घरात एक तर भांडण असतं किंवा भूक.

द्रांदे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि नवऱ्याला डोळ्यांनी खुणावू लागली. कारण असं, की समोरच्या घरातले म्हातारे झेफ गुरुवारी वारले होते. मयताच्या घरी तीन दिवस माणसांची रीघ लागते आणि येणाऱ्या प्रत्येकाला कडू कॉफी द्यावी लागते, म्हणून शेजारपाजारच्या शेगड्या तिकडे जातात. द्रांदेची गॅसची शेगडी तिकडे. स्पिरिटचा छोटा दिवा तिकडे. लाकडाची चूल उन्हाळा लागताच नळकांड्यासकट माळ्यावर गेलेली. घरात उरली होती ती फक्त विजेची, वेटोळ्याच्या तारेची शेगडी. आणि वीज गेलेली.

पाश्क आत गेला. दार लोटून दोघं कुजबुजू लागली.

"मी लिझाकडून करून आणते," द्रांदे म्हणाली.

"शेजारणीकडून? मावशीच्या नाकासमोरून ट्रे घेऊन जिना उतरणार, जिना चढणार? उद्या व्याह्यांना सांगेल, पाश्कच्या घरात विस्तव नाही!"

"मग झेफकडून शेगडी..."

"मयताच्या घरातून शेगडी उचलून आणू? तू माणूस आहेस का?"

"मग खरं सांग तिला. वीज नाही, म्हणावं. तिच्या घरी तरी आहे का?"

पाश्कची नजर लोटलेल्या दाराच्या फटीतून बिशपकडे गेली. द्रांदेने ती नजर पाहिली.

"पाश्क. नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

"मोबाइलसुद्धा लावायचा नाही म्हणाला होतास. देवाच्या आईचा दिवा काढायला लावलास."

"देवाची आई घरची आहे. ही पाहुणी आहे."

यावर उत्तर धर्मात असेलही, पण रीतीत नव्हतं.

पाश्कने शेगडी बैठकीत आणली, जशी काही ती नेहमीच तिथे असते. "मावशी, तुझ्यासमोरच करतो. म्हणजे गप्पा तुटायला नकोत." प्रेना म्हणाली, "अरे नको, खरंच नको." हे दुसरं आणि तिसरं. पाश्कने शेगडीची पिन बिशपच्या पाठीत खोचली.

तार लाल व्हायला लागली. बिशपच्या तोंडावरचे हिरवे दिवे एकदम पिवळे झाले, मग लाल. त्याची घूं वरच्या पट्टीत चढली. पाश्क कॉफीच्या पितळी भांड्यात साखर ढवळत होता आणि मनात संत आंतोनला सांगत होता, फक्त फेस येईपर्यंत, एकदा फेस आला की पुरे. संत आंतोन हरवलेल्या वस्तू शोधून देतो. हरवण्याआधी तो काही करत असल्याचं कुणी ऐकलेलं नाही. बिशपने एक लांब शिट्टी मारली, आतून काहीतरी टक्‌ झालं, आणि खोलीत अशी शांतता पसरली की समोरच्या घरातलं रडणं ऐकू येऊ लागलं.

कॉम्प्युटरचा पंखा फिरत फिरत थांबला.

"छान होते दिवे," प्रेना म्हणाली. "का घालवलेस?"

पाश्कने कोमट पाणी कपात ओतलं. कॉफीची पूड वर तरंगत होती. त्याने तो कप तिच्यापुढे ठेवला. प्रेनाने एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, पाश्ककडे पाहिलं, आणि पाहुणीच्या रीतीने पूर्ण प्यायली. मग कप बशीवर उपडा घातला, जरा थांबून उचलला आणि आतल्या गाळाच्या नक्षीतलं भविष्य पाहून म्हणाली, "मोकळा रस्ता दिसतोय. शुभ आहे."

जिन्यावर तिला लिझा भेटली. प्रेनाचा आवाज मुळात हळू नाहीच, त्यामुळे वरपर्यंत आलं ते असं: "हो गं, कॉफी घेतली. कसली कॉफी! त्यापेक्षा नळाचं पाणी गरम असतं."

पाश्कने बिशपची सगळी बटणं दाबून पाहिली, त्याच्या पाठीवर थापा मारल्या, त्याला लाथही मारली. बिशप निजधामाला गेला होता. वीज आल्यावर कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा फिल्म कच्चीसुद्धा नव्हती, नव्हतीच. आता टाकली तर रविवारी रात्री होईल, तीही वीज गेली नाही तर. म्हणजे होणारच नाही.

"जा आणि खरं सांग," द्रांदे म्हणाली.

"काय सांगू? मावशी, तुझ्या कॉफीने तुझ्या मुलाचं लग्न जाळलं? पाहुण्याला पाजलेल्या कॉफीचा हिशोब सांगणारा माणूस मी नव्हे."

"मग तासाभराची छोटी फिल्म कर. ती शिजेल."

"आणि कुणाला कापू? पाच मामा आहेत, द्रांदे. पाच!"

द्रांदेने जपमाळ हातात घेतली. काही प्रश्न तिच्याही आवाक्याबाहेरचे होते.

रविवारी मिस्सेत फादरनी नेमका दिव्यात जादा तेल बाळगणाऱ्या शहाण्या मुलींचा दाखला सांगितला. पाश्क मान खाली घालून बसला होता. त्या मुलींकडे कॉफीला कुणी आलं नव्हतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

दुपारी तो प्रेनाच्या घरी गेला. खांद्यावर पिशवी, पिशवीत कॅमेरा, एक वायर, आणि लग्नाच्या मूळ कॅसेट, जशा कॅमेऱ्यातून निघाल्या तशा. गुलाब नाहीत, हृदयं नाहीत, काही नाही. सोफ्यावर मुलीकडचे ओळीने बसले होते, नवरीचा बाप कोपऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून. मामा लोकांच्या हातात द्राक्षाच्या राकी दारूचे छोटे पेले. पाश्कने कॅमेरा टीव्हीला जोडला आणि घसा साफ केला.

"मी तुम्हाला पूर्ण फिल्म दाखवतोय. एकाचाही एक तुकडा न कापता."

मामांनी माना डोलावल्या. खोटं त्यात काहीच नव्हतं.

सुरुवातीला पाश्कला दरदरून घाम फुटला होता. कॅमेरा हलतोय, मधेच आभाळ दिसतंय, मधेच त्याचाच आवाज: "सरक ना रे, म्हशीसारखा उभा आहेस!" पण खोलीत कुणी जागचं हललं नाही. एके ठिकाणी कॅमेरा चालूच राहिला होता आणि बराच वेळ टेबलाखालचे नुसते पाय दिसत होते. पाश्कला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. तर सगळे ओरडायला लागले, "हे कुणाचे? अरे हे नदुएमामाचे! बूट काढून बसलाय बघ!" नवरीला दिवसभर नजर खाली घालून पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं, तर या फिल्ममध्ये तिने कुणी बघत नाही असं पाहून पटकन बकलावा मिठाईचा तुकडा तोंडात टाकला आणि गाल न हलवता खाल्ला. मुलीकडच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरी लाल झाली, पण हसली.

मग ते आलं. वऱ्हाड गाड्यांत बसायला गेल्यावरचं मुलीकडचं अंगण, रिकाम्या खुर्च्या, आणि नवरीचा बाप. त्याला वाटलं असावं, पाश्क गाडीत बसला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि टायच्या टोकाने नाक पुसत होता. खांदे हलत होते.

मामांनी पेले खाली ठेवले.

"तू रडलास?" त्याची बायको म्हणाली. "मला तर म्हणालास, कोकराच्या भट्टीचा धूर गेला डोळ्यात."

"धूरच होता," बाप म्हणाला.

नवरी उठली आणि बापाच्या शेजारी जाऊन बसली. एवढंच. पाश्क हे नेहमी कापायचा. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी तो ताडकन उठला. कारण त्याला आठवलं, की याच अंगणात, मुलीकडे जेवून सगळ्यांत शेवटी गाडीकडे निघताना, प्रेना आपल्या बहिणीला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभी राहून काहीतरी म्हणाली होती. ते काढून टाकायचं, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं. काढून टाकलंही होतं. त्या जळालेल्या फिल्ममधून.

तो कॅमेऱ्याजवळ सरकला. अंगठा बटणावर. कुठल्या कॅसेटवर होतं? हीच का? वीज जावी, त्याने मनात धावा सुरू केला. हे माते, आता वीज जावी. रोज जाते, आज जावी. एवढी वर्षं मी तिच्या येण्यासाठी मेणबत्त्या लावल्या, आज एक तिच्या जाण्यासाठी लावीन.

वीज कशाला जाते! त्या रविवारी सकाळपासून ती घरजावयासारखी ठाण मांडून बसली होती. टीव्हीवर प्रेनाची पाठ दिसली. मग तिचा आवाज, लोखंड कापणारा, स्पष्ट:

"मांस बघितलंस ना गं यांचं? चावता चावता दातच..."

पाश्कने वायर उपटली. पडदा निळा झाला.

"लाइट गेली!" तो ओरडला.

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. छताला पंखा गरगर फिरत होता. झुंबर लखलखत होतं. स्वयंपाकघरात रेडिओवर कुणीतरी गात होतं.

नवरीची आई पंख्याकडे बघत होती. मग तिने प्रेनाकडे पाहिलं. प्रेनाचा चेहरा नव्या चुन्यासारखा पांढरा. नदुएमामाने पेला ओठांशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. पाश्कच्या हातात वायरचं टोक लोंबत होतं, आणि त्याला कळून चुकलं, की शब्द पाळला तो पाळला, पण आता दोन घरं मोडली.

कोपऱ्यातून नवरीचा बाप खाकरला.

"गेलीच आहे," तो म्हणाला. "आमच्याकडेही अशीच जाते. निम्मी." त्याने बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि मांस कडकच होतं. मी तुला सांगत होतो, ते कोकरू लग्नाच्या वयाचं झालंय."

आधी बायको हसली, मग नदुएमामा, मग सगळे. प्रेना हसली नाही. ती उठून व्याह्याचा पेला भरायला गेली आणि काठोकाठ भरला.

कॅसेट फ्रानने मागून घेतल्या. कॅमेरावाला मूळ कॅसेट कधी देत नाही, पण पाश्क नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हता. निघताना नदुएमामाने त्याला दारात गाठलं. "शरदात माझ्या लेकाचं लग्न आहे. तूच. आणि हे बघ, असंच कर. ती कबुतरंबिबुतरं नकोत. ती बघितली की मला पायाला त्यांची घाण चिकटल्यासारखं होतं." प्रेनाने फडक्याने झाकलेली थाळी त्याच्या हातात दिली, त्याच्या डोळ्यांत न बघता. "घे. आमच्याकडचं आहे. मऊ आहे."

घरी आल्यावर द्रांदेने थाळी उघडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि सगळं ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं," पाश्क म्हणाला, "मी एकेक गुलाब हाताने लावला गं. आज एकानेही विचारलं नाही, पाश्क, गुलाब कुठे गेले?"

"लग्न त्यांचं होतं रे. तुझं नव्हतं."

पाश्कने बिशपकडे पाहिलं. बिशप चित्राखाली मख्ख बसला होता. "उद्या अस्त्रितकडे जातो. याच्या बॅटऱ्या बदलून घेतो."

"कशाला? तुला तर आता असा डबा हवा, जो सांगितल्यासरशी वीज घालवेल."

"असा डबा नसतो."

"असतो की," द्रांदे दुसरा तुकडा उचलत म्हणाली. "भिंतीवर. त्याला बटण म्हणतात. जेव आता, गार होतंय."